करंड्यातलं सिमकार्ड

२०२३ च्या सप्टेंबरात लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं न्यू जर्सीतल्या एडिसनला गेलो. बॅगा खाली ठेवल्या नाहीत तोच जावयांनी आमच्या फोनमधली भारतातली कार्डं काढून घेतली. "आई, चुकून रोमिंग चालू राहिलं तर हजारोंनी बिल येतं." प्रीपेड कार्डाला बिल कुठून येणार, हे ओठांवर आलं होतं. पण जावयाच्या घरी पहिल्याच दिवशी हुशारी कशाला दाखवा? फोनमध्ये अमेरिकेची कार्डं पडली आणि आमची ती नखाएवढी कार्डं लेकीने माझ्या कुंकवाच्या करंड्यात ठेवली.

मला तरी हे कळायला हवं होतं. १९८१ साली मी साताऱ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजला ऑपरेटर म्हणून चिकटले, २०१९ ला निवृत्त झाले. रोमिंग म्हणजे तरी काय? परक्या गावचं एक्स्चेंज आपल्या गावच्या एक्स्चेंजला विचारतं, हे गिऱ्हाईक तुमचंच ना, याला लाइन देऊ का? होकार आला की काम झालं. आम्ही हेडफोन लावून हेच करत होतो, आता यंत्र करतं. आणि येणारा मेसेज रोमिंगवर बहुतेक ठिकाणी फुकटच असतो. पैसे खातं ते इंटरनेट आणि उचललेला फोन. म्हणजे डेटा रोमिंगचं बटण बंद ठेवून कार्ड फोनमध्येच राहू दिलं असतं तर काही बिघडलं नसतं. मात्र परदेशी रोमिंग निघण्यापूर्वीच चालू करून घ्यायचं असतं, आणि नेमकं तेच आम्ही केलं नव्हतं.

नोव्हेंबर उजाडला. निवृत्तिवेतनवाल्यांना नोव्हेंबर म्हणजे काय ते सांगायला नको: हयातीचा दाखला. फोनसमोर चेहरा धरून घरबसल्या दाखला देण्याची सोय २०२१ पासून झाली आहे. उत्तम सोय आहे, खोटं कशाला बोला. पण ते ॲप चेहऱ्याच्या आधी मोबाइलवरचा ओटीपी मागतं. करंड्यातलं कार्ड काढलं, पुसलं, घातलं. नेटवर्क नाही. कंपनीच्या ॲपवरून रोमिंग चालू करावं म्हटलं, तर ॲप म्हणालं, तुमच्या नंबरवर ओटीपी पाठवला आहे. कोणत्या नंबरवर? तर त्याच, बंद पडलेल्या! ग्राहकसेवेचा टोल-फ्री नंबर तिथून लागेना. साडेदहा तासांचा फरक, त्यामुळे रात्री अकराला भाच्याला दुकानात पाठवलं. तिथे उत्तर मिळालं, "ज्यांच्या नावावर कार्ड आहे त्यांना घेऊन या."

शेवटी रेल्वेने न्यूयॉर्कला, भारतीय वाणिज्य दूतावासात गेले. खिडकीतल्या माणसाने पासपोर्ट पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला. अडतीस वर्षं लोकांना यंत्राने जोडून दिलं, पण मी जिवंत आहे हे शेवटी माणसाने माणसाला पाहूनच ठरलं.

एक गंमत मध्येच सांगते. नायगाऱ्याला आम्ही अमेरिकेच्याच काठावर उभे होतो, पण यांच्या फोनने नदीपलीकडचा टॉवर पकडला. "कॅनडात स्वागत आहे," असा मेसेज आला आणि नकाशा बंद पडला, कारण त्या स्वस्त कार्डात कॅनडा नव्हता. यांचा चेहरा उतरला. "अगं, आपल्याकडे कॅनडाचा व्हिसा नाही!" धबधबा राहिला बाजूला, मी पोट धरून हसत होते.

तर मुद्दा असा. मोबाइल कंपन्या परदेशी जाणाऱ्याला जीबी आणि मिनिटं विकतात. माझ्यासारखीला ती नकोच असतात. मुलांच्या घरी वायफाय असतं, बोलणं व्हॉट्सॲपवर होतं. मला हवा असतो माझा नंबर जिवंत. बँक, आधार, गॅस, पेन्शन, सगळं त्या दहा आकड्यांना बांधून ठेवलंय. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१३ च्या नियमानुसार प्रीपेड नंबर ९० दिवस वापरला नाही तर कंपनी तो बंद करू शकते. खात्यात २० रुपये असले तर ते कापून ३० दिवस वाढवून देते. पुढे तो दुसऱ्या कुणाला तरी दिला जातो. अमेरिका आईबापांना साधारण सहा महिने राहू देते. बेरीज तुम्हीच करा.

आणि सीमेपलीकडे नंबर चालू ठेवणं जमत नाही असंही नाही. युरोपीय संघाने १५ जून २०१७ पासून सदस्य देशांत रोमिंगचा जादा आकार कायद्याने बंद केला. आपल्याकडेही मुंबईचं कार्ड घेऊन साताऱ्याला आलेला पाहुणा एकेकाळी येणारा फोन उचलायला घाबरायचा, कारण मुंबई वेगळं सर्कल. ते दिवस गेलेच ना? जानेवारी २०२३ मध्ये यूपीआय चालवणाऱ्या महामंडळाने अमेरिकेसह १० देशांतल्या नंबरांवर अनिवासी भारतीयांच्या एनआरई-एनआरओ खात्यांना यूपीआयची परवानगी दिली. म्हणजे एकाच जेवणाच्या टेबलावर लेकीचा अमेरिकन नंबर भारतातल्या खात्याला चालू शकतो. माझ्या फोनमधला तसाच नंबर चालत नाही, कारण मी पाहुणी! रिझर्व्ह बँकेच्या नव्या नियमांत मेसेजच्या ओटीपीशिवाय इतर मार्गांना वाव दिलाय, तो बँका किती घेतात ते पाहायचं. तोवर मोबाइल कंपन्यांनो, निदान एवढं करा: बँकेचा आणि सरकारचा मेसेज पॅक असो-नसो, जगात कुठेही पोचला पाहिजे. आणि परदेशी गेलेल्याचा नंबर वर्षभर तरी कुणाला देऊ नका. त्याचे वाजवी पैसे घ्या, मी देईन.

येत्या उन्हाळ्यात पुन्हा जायचंय. परवा साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या मोबाइलच्या दुकानात गेले. मुलगा चटपटीत होता. "काकू, किती जीबीचा पॅक देऊ?"

"जीबी नको. फक्त मेसेज आले पाहिजेत, आणि नंबर राहिला पाहिजे."

त्याने माझ्याकडे पाहिलं, संगणकाकडे पाहिलं, आणि वर कुणाला तरी फोन लावला. पलीकडून वाट पाहायला लावणारी ती धून सुरू झाली. मी बाकावर टेकले. शेजारच्या आजोबांनी विचारलं, "ट्रंक कॉल लावलाय काय?"