आर्गनवाले काका

गेल्या दिवाळीत आईनं डिक्लेअर करून टाकलं, ‘तुझ्या या गाडीत मी पुन्हा बसत नाही.’ आणि खरं सांगायचं तर माझ्याकडे आर्ग्युमेंटच नव्हतं.

झालं असं. माझ्याकडे एक म्हातारी, पण जाम देखणी गाडी आहे. पहिल्या पिढीची स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस. १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १५० पीएस. २००० च्या दशकात ही कॉलेजच्या गेटसमोरून गेली की आमच्या अख्ख्या ग्रुपच्या माना वळायच्या! पंधरा वर्षं उलटून फेरनोंदणी झालेली का होईना, शेवटी ती माझ्या पार्किंगमध्ये आली. आता अशी गाडी हाताशी आल्यावर ती आहे तशी ठेवेल तो गडी कसला? मोठा टर्बो बसवायचं ठरलं.

टर्बोचा फंडा सोपा आहे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुरावर एक पंखा फिरवायचा आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या पंख्यानं इंजिनात जास्तीची हवा कोंबायची. आल्फ्रेड ब्युखी नावाच्या स्विस इंजिनीअरनं १९०५ मध्येच याचं पेटंट घेतलं होतं. चार सिलिंडरचा धूर गोळा करून टर्बोपर्यंत नेणारा पाइपांचा गुच्छ म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. कंपनीचा मॅनिफोल्ड बिडाचा असतो, ओबडधोबड आणि दणकट. मोठ्या टर्बोचं तोंड वेगळं, त्यामुळे नवा मॅनिफोल्ड बनवून घ्यावा लागतो. शहरातल्या एका गॅरेजनं मला तो बनवून दिला. काय चमकत होता! मी फोटो काढून डेस्कटॉपवर लावला होता.

दिवाळीला वर्ध्याला निघालो, आई मागच्या सीटवर. सकाळी गाडी सुरू केली तेव्हाच बॉनेटखालून बारीक टिक-टिक ऐकू आली होती. मी गाण्यांचा आवाज वाढवला. (शहाण्यांनो, हे करू नका.) समृद्धी महामार्गावर दुपारी दोनच्या उन्हात जळक्या प्लॅस्टिकचा वास आला, मग धूर. कडेला थांबून बॉनेट उघडलं, तर मॅनिफोल्डला तडा, आणि त्यातून येणाऱ्या झोतानं वायरिंगचं वेष्टण वितळवलेलं. जवळूनच पेट्रोलची नळी जाते. शेजारून गाड्या १२० नं सुसाट, आणि माझी आई बॅरिअरपलीकडे गवतात उभी, डोक्यावर पदर घेऊन. ती काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं!

गाडी टोइंगवर चढून वर्ध्याला आली. दारूबंदीच्या जिल्ह्यात असली बेवडी गाडी बघून मामांनी मनसोक्त टोमणे मारले, पण एमआयडीसीतल्या आर्गनवाल्या काकांचा पत्ताही त्यांनीच दिला. टिग वेल्डिंगला आपल्याकडे सगळे आर्गनच म्हणतात. काकांचं आयुष्य डेअरीच्या टाक्या आणि तेल गिरणीच्या स्टीम लाइनी जोडण्यात गेलेलं. टर्बो त्यांनी फक्त ट्रकमध्ये पाहिला होता. माझा चमकता मॅनिफोल्ड त्यांनी उलटापालटा केला, तड्यावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, ‘भाऊ, हा सपोट कुठी बांधला होता?’

टर्बोचं वजन सहा-सात किलो. तो लटकू नये म्हणून त्या गॅरेजनं एक पट्टी लावली होती, टर्बोपासून थेट गाडीच्या बॉडीपर्यंत. काका हसले. ‘इंजिन हालते, बॉडी हालत नाही. मंग मधी पाइपच फाटन ना!’

पाच मिनिटांत निदान! इंजिन रबरी माउंटवर बसतं, प्रत्येक रेसला डोलतं. पट्टी लावायचीच तर ती इंजिनच्या ब्लॉकलाच हवी.

दुसरा प्रॉब्लेम गरमीचा. मी मोबाइलवर आकडेमोड केली. स्टेनलेस स्टील एका अंशाला मीटरमागे साधारण १७ मायक्रॉन वाढतं. तीस सेंटिमीटरची पट्टी सहाशे अंशांनी तापली तर तीन मिलिमीटर लांब होते. इंजिनचं हेड मात्र पाण्यानं थंड ठेवलेलं, ते तेवढं वाढत नाही. मी मोठ्या रुबाबात हे सांगितल्यावर काका म्हणाले, ‘म्हणूनच तं स्टीम लाइनले लूप देतो आमी. वाढाले जागा पायजे त्याले.’ म्हणजे माझं इंजिनीअरिंग आणि त्यांची तेल गिरणी एकाच स्टेशनवर!

मग सहा दिवस मी रोज सकाळी वर्कशॉपमध्ये. सुटी अशी घालवल्याबद्दल घरचे चिडले, पण यार, काय मजा आली म्हणून सांगू!

हेडला बसणारी पट्टी १२ मिमी जाडीची. गॅस्केटच ट्रेसिंगला ठेवून तिचं ड्रॉइंग केलं आणि नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतून लेझरनं कापून आणली. पाइपांसाठी ३०४ ग्रेडचे शेड्यूल १० चे एल्बो, म्हणजे पावणेतीन मिमी जाडीचे. हेच एल्बो डेअरी आणि केमिकल प्लँटच्या पाइपलाइनीत वापरतात. ते वेगवेगळ्या कोनांत कापायचे आणि तुकडा तुकडा जोडत वळण घ्यायचं. चारही वाटांची लांबी शक्य तितकी सारखी हवी, म्हणजे प्रत्येक सिलिंडरचा धक्का टर्बोवर सारख्या अंतरानं पडतो. कॉम्प्युटरवर हे करायला मला वीकएण्ड लागला असता. काकांनी तारेचा तुकडा घेतला, पाइपाच्या मधोमध वाकवून बसवला आणि सरळ करून मोजला. वर खात्री म्हणून एक तोंड बंद करून प्रत्येक पाइपात पाणी भरलं आणि मेडिकलमधून आणलेल्या मोजपेल्यानं मापलं. पहिल्यांदा तिसऱ्या नंबरात पाणी कमी आलं. पूर्ण तुकडा कापून पुन्हा!

सगळं आधी नुसतं टॅक केलेलं. गाडीवर चढवून बघायचं, स्टिअरिंगच्या दांड्याला लागतं का, बोल्टला पाना पोहोचतो का (हा प्रश्न डिझाइनवाले नेहमी विसरतात), मगच फुल वेल्डिंग. वेल्डिंगच्या वेळी पट्टी भंगारातल्या एका जाड प्लेटवर बोल्टनं आवळून ठेवली, नाहीतर ती केळ्यासारखी वाकते. आणि पाइपाच्या आतूनही आर्गन सोडला. तो नसेल तर जोडाच्या आतल्या बाजूला साखरेसारखे काळे खडे तयार होतात. ते सुटून टर्बोत गेले तर पंख्याचं काम तमाम. जुना मॅनिफोल्ड आम्ही हौसेनं कापून पाहिला. आत साखरेचं पोतं! बाहेरून मात्र तोच माझा डेस्कटॉप वॉलपेपर.

शेवटी पट्टी मिलिंगवर सपाट केली, दोन पोर्टांच्या मधे कापली आणि कडेची भोकं लांबट केली. वाढाले जागा पायजे.

सहाव्या दिवशी संध्याकाळी अंगणात गाडी सुरू केली. अर्धा तास आवाज चढवत-उतरवत तापवली. अंधार पडल्यावर पाइप कुंकवाच्या रंगाचा झाला होता. काका टॉर्च बंद करून शांतपणे बघत होते. गार झाल्यावर त्यांनी सगळे नट पुन्हा आवळले आणि उद्याही आवळायला सांगितले. मजुरी सांगितली नऊ हजार. शहरातल्या बिलाचा मी उच्चारही केला नाही.

मग त्यांनीच विचारलं, ‘आर्टीओले चालते का हे?’

नाही चालत. हे मला आधीपासून माहीत होतं, आणि आईला मागे बसवतानाही माहीत होतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ अशा बदलांना मोकळीक देत नाही. सुप्रीम कोर्टानंही २०१९ मध्ये उत्पादकाच्या मूळ स्पेसिफिकेशनबाहेर जाऊ नका असं बजावलं आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला दर बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर इन्शुरन्सवाले काय म्हणतील हा वेगळाच चॅप्टर. ‘सगळेच करतात’ हे माझं लाडकं वाक्य होतं. समृद्धीच्या कडेला, गवतात उभ्या असलेल्या आईसमोर मला ते म्हणता आलं नसतं.

म्हणून आता आरएस रस्त्यावर चालत नाही. ट्रेलरवर चढते, ट्रॅक डेला जाते, ट्रेलरवरच परत येते. मित्र हसतात. ऑफिसला मी एका निरुपद्रवी हॅचबॅकनं जातो. आई तिच्यात बसते, पण निघण्याआधी एकदा बॉनेटकडे कान देते.

परवा काकांना फोन केला. ‘काका, तीन ट्रॅक डे झाले!’

‘फाटलं का?’

‘नाही ना!’

‘मंग सहा महिन्यानं फोन करा भाऊ. आत्ता डेअरीत हाय मी.’