टर्बो गाडीचा ‘श्वास’ बदलण्याची हौस : पिकअप वाढतो की इंजिनाचं काम निघतं?

सोलापूर : टेंभुर्णी असो, अकलूज असो की सांगोला, कुठल्याही चौकात पाच मिनिटं थांबा. एखादी जुनी डिझेल स्विफ्ट नाहीतर स्कॉर्पिओ ‘सूऽऽ’ असा आवाज काढत जाते आणि मागं काळा धूर सोडते. गाडीला ‘इनटेक’ बसवलेला असतो. म्हणजे कंपनीचा एअर फिल्टरचा काळा डबा काढून त्या जागी उघडा, शंकूच्या आकाराचा फिल्टर आणि चकचकीत पाईप. गॅरेजवाला सांगतो, पिकअप वाढतो. पोरगं खुश. पण खरंच काही वाढतं का, आणि वाढलं तर त्याची किंमत कोण भरतं, हे बघायला पाहिजे.

हवा कुठून कुठं जाते?

टर्बो म्हणजे एक छोटा पंखा. सायलेन्सरकडं जाणाऱ्या गरम धुराच्या जोरावर तो मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे फिरतो आणि इंजिनात हवा दाबून भरतो. हवा आधी फिल्टरमधून येते, मग टर्बोत दाबली जाते, दाबल्यामुळं तापते, इंटरकूलरमध्ये थंड होते आणि मग इंजिनात जाते. किती दाब ठेवायचा हे टर्बो नाही, गाडीचा कॉम्प्युटर म्हणजे ईसीएम ठरवतो. सेन्सर दाब मोजतो आणि ठरलेल्या आकड्यावर ईसीएम टर्बोला आवर घालतो.

इथंच मेख आहे. फिल्टर कितीही मोकळा केला तरी ईसीएमने ठरवलेला दाब तोच राहतो. त्यात डिझेल इंजिनाला हवा आधीच गरजेपेक्षा जास्त मिळत असते; त्याची ताकद किती डिझेल आत फवारलं यावर ठरते. म्हणून नुसता इनटेक बदलून ताकदीत जाणवेल असा फरक पडत नाही. वाढतो तो आवाज. डब्यात दबलेला टर्बोचा आवाज मोकळा झाला की गाडी पळायला लागली असं वाटतं.

उलट नुकसान होऊ शकतं. कंपनीचा डबा बहुतेक गाड्यांत पुढच्या जाळीजवळून गार हवा घेतो. उघडा फिल्टर बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो. हवा १० अंशांनी जास्त तापली तर ती साधारण ३ टक्क्यांनी विरळ होते. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं पारा ४२ च्या पुढं जातो, तेव्हा बॉनेटखाली काय स्थिती असेल हे वेगळं सांगायला नको.

धूळ हा खरा शत्रू

शेतकऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. ट्रॅक्टरच्या एअर क्लीनरमधलं ऑईल वेळेवर बदललं नाही तर इंजिन बसतं, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसालाही माहीत असतं. मग त्याच घरातल्या कारचा फिल्टर का उघडा ठेवायचा?

कारखान्यांचं गाळप सुरू झालं की उसाच्या ट्रॉल्यांमागं मुरमाच्या रस्त्यावर धुळीचे लोट उठतात. ही धूळ म्हणजे बारीक वाळूच. हलक्या प्रतीच्या फिल्टरमधून ती आत गेली की आधी टर्बोच्या पात्यांच्या कडा झिजतात, नंतर रिंगा आणि बोअर. गाडी इंजिन ऑईल खायला लागते, निळा धूर येतो. तोवर इनटेक बसवून वर्ष झालेलं असतं आणि दोष डिझेलला दिला जातो. ऑईल लावलेल्या कापडी फिल्टरची आणखी एक गंमत आहे. धुतल्यावर ऑईल जास्त लावलं तर ते हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसतं आणि मोजमापच चुकतं.

मग ‘रिमॅप’चा सल्ला

इनटेकने काही झालं नाही की पुढची पायरी म्हणजे ईसीएमचं प्रोग्रॅमिंग बदलणं. यात ताकद खरोखर वाढते. पण जास्त डिझेल, जास्त दाब, जास्त उष्णता असा हा सगळा हिशोब आहे. काळा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल, आपल्याच खिशातलं. एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले. त्यानंतरच्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो, तो अशा धुराने लवकर चोंदतो. मग तोही काढून टाकायचा सल्ला मिळतो. एकातून दुसरं असं हे वाढत जातं.

पाण्याचा धोका वेगळाच

काही जण गार हवा मिळावी म्हणून फिल्टर खाली बंपरच्या कोपऱ्यात नेतात. शहरात ठीक, आपल्याकडं नाही. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये सीनेला आलेला पूर माढा, मोहोळ, करमाळ्याने पाहिला आहे. फरशी पुलावर पाणी असताना फिल्टर खाली असलेली गाडी घातली की इंजिन हवेऐवजी पाणी ओढतं. पाणी दाबलं जात नाही; कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा वेळी परत परत स्टार्टर मारणं म्हणजे उरलंसुरलं इंजिन घालवणं.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका घेतली. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागं पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्हीची तरतूद आहे. सीएनजी किट बसवलं की आरसी बुकावर नोंद करावी लागते, हे आपण जाणतो. इनटेक आणि रिमॅपची नोंद कोण करतं?

कारवाई मात्र सायलेन्सरपुरती होते. आवाज ऐकू येतो, बॉनेटखालचं दिसत नाही. पीयूसीत धूर मोजला जातो, कुठला सुटा भाग बदललाय हे बघितलं जात नाही. विमा कंपनी मात्र क्लेमच्या वेळी बघते. न कळवलेला बदल सापडला की वाद सुरू होतो, आणि वॉरंटीचंही तेच.

सगळ्यात जास्त फटका बसतो तो जुनी गाडी घेणाऱ्याला. विकताना मूळ डबा परत बसवला जातो, झिजलेलं इंजिन तसंच राहतं. पतसंस्थेचं कर्ज काढून गाडी घेणाऱ्या कुटुंबाला ते दोन महिन्यांनी कळतं. रात्री-अपरात्री दवाखान्याला जायला हीच गाडी असते.

करायचं काय?

पिकअप कमी वाटतोय तर आधी कंपनीचाच फिल्टर उघडून बघा. धुळीच्या भागात तो पुस्तिकेत लिहिलेल्या मुदतीच्या आधीच बदलावा लागतो. मग टर्बो ते इंटरकूलरचे रबरी पाईप आणि क्लिपा तपासा. पाईप फाटला किंवा क्लिप सैल झाली की काळा धूर, शिट्टीसारखा आवाज आणि मंद गाडी, तिन्ही लक्षणं एकदम दिसतात. बऱ्याच वेळा दुखणं इथंच असतं आणि औषध काही शे रुपयांचं असतं. जुनी गाडी घेताना फिल्टरच्या पुढचा पाईप काढून आत बोट फिरवा. बोटाला धूळ लागली तर व्यवहार तिथंच थांबवा.

आरटीओने रस्ता सुरक्षा अभियानात शाळा-कॉलेजांबरोबर तालुक्याच्या गॅरेजवाल्यांनाही बोलवावं. पोरगं गॅरेजवाल्याचं ऐकतं, पोस्टरचं नाही.