शस्त्रावरची अक्षरं



दसऱ्याला आपल्याकडच्या जुन्या घरांत पाटावर शस्त्रं मांडतात. तलवार, कट्यार, एखाद्या घरी पणजोबांच्या वेळचं पिस्तूल. हळदकुंकू वाहायचं, नमस्कार करायचा आणि पुन्हा फडक्यात गुंडाळून ठेवायचं. त्यावर काही कोरलं आहे का, हे सहसा कुणी पाहत नाही. या वेळी ते जरूर पाहा.

असीरगडावर एक पितळी तोफ होती, ती पुढे नागपूरला गेली. ती १६६३ साली आपल्या बऱ्हाणपुरातच महंमद हुसेन अरब या कारागिराने ओतली, हे तिच्यावर कोरलेल्या लेखामुळेच कळतं. लेख नसता तर कारागिराचं नावही उरलं नसतं आणि गावाचंही.

नजराणा म्हणून दिलेल्या शस्त्रांचं तर सगळं मोल अशा कोरीव कामातच असतं. अमेरिकेचा सॅम्युएल कोल्ट आपल्या रिव्हॉल्व्हरचा खप वाढावा म्हणून राजेरजवाड्यांना सोन्याची नक्षी केलेली रिव्हॉल्व्हरं भेट देत असे. १८५४ मध्ये तुर्कस्तानच्या सुलतानाला दिलेलं असं एक रिव्हॉल्व्हर आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. त्याच्या जोडीचं दुसरं रशियाच्या झारला मिळालं. गंमत अशी, की हे दोघे तेव्हा एकमेकांशीच लढत होते!

आपल्या जवळचं उदाहरण नागपूरकर रघुजी भोसल्यांच्या तलवारीचं. पातं युरोपी बनावटीचं, पण त्यावर देवनागरीत सोन्याने रघुजींचं नाव आणि ‘सेनासाहेब सुभा’ हा किताब आहे. एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून महाराष्ट्र सरकारने ती ४७ लाख १५ हजार रुपयांना मिळवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. तशी फिरंगी पाती पुष्कळ आहेत. त्या अक्षरांनी हिला नाव दिलं.

म्हणूनच सांगते, जुनं शस्त्र चिंच, राख किंवा पॉलिशने घासू नका. झिजलेलं अक्षर परत येत नाही. पूजेचं पाणी आणि कुंकू लगेच टिपून घ्या, तेलाचा पातळ हात फिरवा. अक्षरांचा फोटो काढा आणि वडीलधाऱ्यांना ठाऊक असलेली हकीकत त्यासोबत लिहून ठेवा.

विकत घेणाऱ्यांनी एवढं पाहावं: सगळा धातू झिजलेला, पण अक्षरांच्या कडा मात्र धारदार असतील, तर नाव मागाहून कोरलेलं असण्याचा संभव फार.

आता कायद्याचं. बंदूक, पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर कितीही जुनं असो, ते चालत असेल किंवा दुरुस्तीने चालू शकत असेल, तर परवाना लागतो. दुरुस्त करूनही जे चालणार नाही, अशाच जुन्या शस्त्राला १९५९ च्या शस्त्र कायद्यात सूट आहे. परवानाधारक वारले असतील, तर शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसाने अर्ज करायचा असतो. भीतीपोटी विहिरीत टाकणं किंवा भंगारात देणं हा मार्ग नव्हे. चाप ओढून पाहण्याचा मोह तर अजिबात नको, आत जुना बार असू शकतो.

शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरते. ती खासगी व्यक्तीला परदेशी नेता किंवा पाठवता येत नाही. तेव्हा मुलगा अमेरिकेत असला, तरी पणजोबांची आठवण सामानात घालून देऊ नका. त्याला फोटो आणि हकीकत पाठवा.

रघुजींच्या तलवारीसाठी सरकारला लंडन गाठावं लागलं. आपल्या घरातली अक्षरं वाचायला माळ्यावर चढलं की पुरे. काही सापडलं, तर त्याची हकीकत आपल्या अंकासाठी जरूर लिहून पाठवा.