आठवणीत न राहणारी संध्याकाळ

ऑक्टोबर २०१८ मधील गोष्ट. अनेक वर्षे माझ्याकडे येणारे एक दांपत्य मुलासह दवाखान्यात आले होते. काका ७८ वर्षांचे, बँकेतून निवृत्त झालेले. दोन वर्षांपूर्वी त्यांना अल्झायमरचे निदान झाले होते. लंडनला असलेल्या लेकीने नोव्हेंबरमधील एका मैफलीची तिकिटे काढली होती. ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ या १९६६ च्या चित्रपटाचे संगीतकार एन्निओ मोरिकोने तेथे स्वतः वाद्यवृंदाचे संचालन करणार होते. तरुणपणी फोर्टातल्या चित्रपटगृहांत घोडेस्वारांचे इंग्रजी चित्रपट पाहण्याचे काकांना वेडच होते. त्या चित्रपटाची शीळ ते आजही घरात घालत असत.

मुलाचा प्रश्न सरळ होता. “डॉक्टर, बाबांना दुसऱ्या दिवशी काहीच आठवणार नाही. मग एवढी दगदग कशासाठी?” काकू गप्प होत्या. खरे सांगायचे तर माझ्याही मनात तोच प्रश्न होता.

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला दोन गोष्टींचा विचार करावा लागला. पहिली म्हणजे स्मृतीची रचना. अल्झायमरमध्ये प्रथम हरवते ती कालपरवाची स्मृती. तारुण्यात मनात रुजलेल्या चाली पुष्कळदा फार उशिरापर्यंत शाबूत राहतात. शिवाय प्रसंग विसरला गेला तरी त्यातून उपजलेली भावना काही काळ टिकते, असे या रुग्णांच्या अभ्यासांत दिसून आले आहे. म्हणजे ‘काल काय झाले’ हे सांगता न येणारा माणूस कालच्या आनंदाचा लाभ मात्र घेत असतो.

दुसरी गोष्ट या संगीताची. त्यात शब्दांचा आधार जवळजवळ नाहीच. ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’मधील मुख्य चाल कोयोटीच्या, म्हणजे अमेरिकेतील रानकुत्र्यासारख्या प्राण्याच्या, ओरडण्यावरून सुचलेली आहे. तीच छोटी सुरावट एका पात्रासाठी बासरीवर, दुसऱ्यासाठी ओकारिना या मातीच्या फुंकवाद्यावर आणि तिसऱ्यासाठी मानवी कंठातून येते. ‘द एक्स्टसी ऑफ गोल्ड’ या भागात गायिका एकही शब्द न उच्चारता केवळ स्वरांनी गाते. ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ या १९६८ च्या चित्रपटाचे संगीत तर मोरिकोने यांनी चित्रीकरणाआधीच रचले होते आणि चित्रीकरणाच्या वेळी ते वाजवले जाई. ज्याचे शब्द निसटू लागले आहेत, संभाषणाचा धागा ज्याला पकडता येत नाही, अशा माणसाला येथे मागे पडल्यासारखे वाटत नाही.

मी होकार दिला. मात्र पूर्वतयारीच्या अटीवर. ती तयारी आपल्या गावातील कोणत्याही मैफलीला उपयोगी पडेल, म्हणून येथे देतो.

आधी कानांकडे पाहावे. उतारवयात हळू आवाज ऐकू येत नाहीत आणि मोठे आवाज मात्र एकदम बोचतात. वाद्यवृंदात तर एकाकी शिळेनंतर क्षणार्धात तुताऱ्या, ढोल आणि समूहगान उसळते. म्हणून ध्वनिवर्धकांपासून आणि तालवाद्यांपासून दूरची जागा घ्यावी. श्रवणयंत्रे मुख्यतः बोलणे ऐकू यावे अशा बेताने जुळवलेली असतात. अनेक यंत्रांत संगीतासाठी वेगळी सोय असते; श्रवणतज्ज्ञाकडून ती आधीच सुरू करून घ्यावी.

जागा मार्गिकेलगतची असावी, म्हणजे कुणाला न उठवता बाहेर पडता येते. विस्मरणाच्या रुग्णांचा गोंधळ संध्याकाळी वाढतो. दुपारचा प्रयोग असेल तर तोच निवडावा. परदेशी जायचे असल्यास किमान आठवडाभर आधी पोहोचावे, म्हणजे झोपेची घडी बसते. मधुमेह असल्यास वेळेवर खाऊन निघावे आणि जवळ खाऊ ठेवावा. लघवी वाढवणारी गोळी स्वतःच्या मनाने पुढेमागे करू नये, डॉक्टरांना विचारावे. ‘शांत बसावेत’ म्हणून झोपेची जादा गोळी तर मुळीच देऊ नये. तिने गोंधळ वाढतो आणि तोलही जातो. आणि मध्येच निघावे लागले, तर बेत फसला असे मानू नये.

लंडनची मैफल झाली. नुकतीच नव्वदी पूर्ण केलेले मोरिकोने खुर्चीत बसून संचालन करत होते. परतल्यावर काकूंनी सांगितले, की सुरुवातीला काका दोनदा ‘घरी चला’ म्हणाले. एकदा लेकीने त्यांना बाहेर नेऊन पाणी दिले. पुढे मात्र ओळखीची चाल आली, तेव्हा त्यांनी काकूंचा हात हातात घेतला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी विचारले, तर “काल? कुठेच नाही गेलो” असे उत्तर आले. त्या सकाळी नेहमीचा त्रागा मात्र नव्हता.

मुलाने माझ्याकडे पाहिले. त्याने काही म्हणण्याआधीच काकू म्हणाल्या, “यांना नसेल आठवत. मला आठवतेय ना.”

माझ्या विचारातून नेमके हेच निसटले होते. मी रुग्णाचा विचार केला, शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीचा केला नाही. दिवसरात्र औषधे, अंघोळ आणि तेच तेच प्रश्न सांभाळणाऱ्या पत्नीलाही पती म्हणून त्यांची एक संध्याकाळ हवी असते. पुढील अवघड वर्षांसाठी ती तिची शिदोरी असते.

एक इशारा मात्र मोरिकोने यांच्याच आयुष्यातून घ्यायला हवा. २०१९ पर्यंत हजारो श्रोत्यांसमोर संचालन करणारा हा कलावंत ६ जुलै २०२० रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी, रोममध्ये निवर्तला. पडून मांडीचे हाड मोडल्याचे ते निमित्त होते. प्रेक्षागृहातील अंधाऱ्या, उतरत्या पायऱ्या म्हणूनच हलक्यात घेऊ नयेत. दिवे मालवण्यापूर्वी आसनावर बसावे, गर्दी ओसरल्यावर उठावे, बंद टाचांची पादत्राणे घालावीत आणि कठड्याला धरूनच उतरावे.

बाहेर जाणे शक्य नसेल, तर मैफल घरी आणता येते. डॅनिश नॅशनल सिम्फनी ऑर्केस्ट्राने २०१८ साली सादर केलेल्या मोरिकोने यांच्या संगीताचे चित्रमुद्रण पुष्कळांनी पाहिले आहे. तेच हवे असे नाही. आपल्या घरातील ज्येष्ठाच्या विशी-पंचविशीत जे संगीत होते, ते शोधावे. दिवेलागणीपूर्वी वीस मिनिटे, मध्यम आवाजात, शेजारी बसून ऐकावे. ‘ओळखलेत का?’ अशी परीक्षा घेऊ नये. कपाळाला आठी पडली, तर लगेच थांबावे.

काका आता लेकीला ओळखत नाहीत. संगीताने त्यांचा आजार थोपवला नाही, आणि तशी आशा मी कुणालाही दाखवणार नाही. काकू अजूनही संध्याकाळी ती चाल लावतात आणि शेजारी बसतात. काही दिवशी काकांची बोटे हलतात, काही दिवशी नाही. नाही हलली, तरी वीस मिनिटे काकूही स्वस्थ बसलेल्या असतात. त्यांच्या रक्तदाबाच्या औषधाइतकेच मला तेही महत्त्वाचे वाटते.