एक वाडा, तीन चुली

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पुष्कळ पेढ्यांवर अजूनही लाल बांधणीची वही पाटावर मांडतात आणि तिला हळदकुंकू वाहतात. पूजा वहीची होते खरी. पण हिशेब केव्हाच संगणकात राहायला गेला आहे! कारखाना असो, पतपेढी असो की औषधांचे घाऊक दुकान असो, रोजकीर्द, खतावणी आणि पगारपत्रक सांभाळणारे एक मध्यम आकाराचे यंत्र आतल्या थंड खोलीत घुमत असते. ते एखाद्या रात्री बंद पडले तर? सणासुदीला हा प्रश्न अभद्र वाटेल; पण संसारी माणसाने असले प्रश्न आधीच विचारून ठेवावेत.

या जातीच्या यंत्रांत आयबीएमच्या एएस/४०० घराण्याचे नाव मोठे. त्याचा जन्म १९८८ सालचा. त्याचे वारस आज पॉवर सर्व्हरवर ‘आयबीएम आय’ या नावाने नांदत आहेत. १९९९ पासून या घराण्यात एकाच यंत्राचे आतल्या आत अनेक विभाग पाडता येऊ लागले. भाऊ-भाऊ वाटण्या करून एकाच वाड्यात राहतात ना, तसेच हे. दिंडीदरवाजा एक, आत चुली तीन! एका विभागात हिशेब, दुसऱ्यात पगार, तिसऱ्यात नव्या प्रोग्रामची चाचणी. प्रत्येकाची मेमरी, डिस्क आणि कार्यप्रणाली निराळी.

मात्र एका चुलीवर भात शिजला म्हणून शेजारच्या चुलीवरचा शिजत नाही. हिशेबाची टेप काढली म्हणजे पगाराची निघाली, असे नाही. ‘सेव्ह’च्या यादीतला २१ क्रमांकाचा पर्याय प्रत्येक विभागात स्वतंत्र चालवावा लागतो. त्यासाठी आधी त्या विभागातली सारी कामे थांबवायची. एक कन्सोल तेवढा जागा राहतो. मग यंत्राला उठवणारा मूळ प्रोग्राम, त्यामागून कार्यप्रणाली आणि शेवटी वह्या, अशा क्रमाने सारा संसार टेपवर उतरतो. एवढे केले की, त्या टेपवरून रिकामे यंत्रसुद्धा पुन्हा उभे करता येते.

अडचण अशी की, टेपयंत्र पुष्कळ ठिकाणी एकच असते. ते एका वेळी एकाच विभागाला जोडता येते. इथून सोडवावे, तेव्हा तिथे लागते. रात्रपाळीच्या माणसाकडून सोडवायचे राहिले, की पुढच्या विभागाची पाळी चुकली!

एका कारखान्यात मी नोंदवही पाहिली. रोज ‘टेप झाली’ अशी नोंद आणि खाली सही. कोणत्या विभागाची, हा रकानाच नव्हता! तालीम म्हणून पगाराचा विभाग टेपवरून उभा करायला घेतला, तेव्हा कळले की त्याची शेवटची धड टेप चार महिन्यांपूर्वीची आहे. शेकडो घरांची भाजीभाकरी त्या एका रकान्यावाचून टांगणीला लागली होती. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक विभागाला वेगळी ओळ आणि वेगळी सही सुरू झाली.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात, ती म्हणजे वाटणीपत्र. कोणाला किती मेमरी, कोणती डिस्क कोणाची, हे कोणत्याच विभागाच्या टेपवर उतरत नाही. आजच्या यंत्रांत व्यवस्थापनाच्या कन्सोलवरून त्याची प्रत निराळी घ्यावी लागते. ती नसेल, तर सामान हाती असून खोल्या कुणाच्या ते कळत नाही.

कोणी म्हणेल, दुसऱ्या डिस्कवर नक्कल असताना टेपचा खटाटोप कशाला? पण डिस्कवर तत्काळ उमटणारी नक्कल चूकही तितक्याच तत्परतेने उतरवून घेते. फेब्रुवारी २०११ मध्ये जीमेलच्या एका नव्या प्रोग्रामातील दोषामुळे सुमारे ०.०२ टक्के ग्राहकांची पत्रे नाहीशी झाली. ठिकठिकाणच्या नकलांतूनही गेली. ती परत मिळाली ती टेपवरून, कारण टेप यंत्राबाहेर फळीवर असते आणि चुकीचा हात तिथवर पोचत नाही. एलटीओच्या नवव्या पिढीची हातात मावणारी पेटी १८ टेराबाइट मजकूर साठवते. आतली अर्ध्या इंचाची फीत किलोमीटरहून लांब असते.

तेव्हा तुमच्यापैकी ज्यांच्या कचेरीत असा वाडा असेल, त्यांनी कामावर परतताच तीन गोष्टी विचाराव्यात: टेप कोणकोणत्या विभागांची निघते? वाटणीपत्राची प्रत कुठे आहे? आणि टेपवरून एखादा विभाग शेवटचा कधी उभा करून पाहिला? तिसऱ्या प्रश्नाला तारीख सांगता आली, तर महिनाअखेरच्या पगाराची चिंता नको.