काळी काच हा उपाय नव्हे



दुपारच्या झगमगाटावर ‘खिडक्यांना काळ्या काचा बसवा’ हा गेल्या अंकातील पत्रलेखकाचा सल्ला मला मुळीच पटला नाही. पश्चिमेला खिडक्या असलेल्या वर्गात मी बरीच वर्षे शिकवले. तीन वाजले की निम्मा फळा नुसता चकाकायचा. खिडकीलगतच्या मुली वही गालाशी आडवी धरून, डोळे बारीक करून अक्षरे लावायच्या. मग काचांना काळी फिल्म लागली. तिरीप मंद झाली खरी, पण पावसाळ्यात भर सकाळी ट्यूबलाइट लावायची पाळी आली!

डोळे दिपतात ते केवळ उजेड जास्त म्हणून नव्हे. लख्ख खिडकी आणि काळोखी भिंत शेजारी शेजारी आली की त्रास वाढतो. खिडकीच्या आतल्या कडांना पांढरा रंग दिला तरी फरक जाणवतो.

शिवाय दिशा पाहायला नको का? पुण्यात २१ डिसेंबरला माध्यान्हीचा सूर्य सुमारे ४८ अंशांवर असतो. इतक्या उंचीवरचे ऊन अडवायला दक्षिणेला रुंद छज्जा उपयोगी पडतो. पश्चिमेचे ऊन मात्र छज्ज्याखालून थेट आत शिरते. तिथे उभे, तिरके आडोसेच हवेत. अहमदाबादच्या मिल ओनर्स असोसिएशनच्या इमारतीत वास्तुकार ल कॉर्बुझिए यांनी १९५०च्या दशकात पश्चिमेचे काँक्रीटचे आडोसे तिरके बसवले. मुंबईच्या ‘कांचनजंगा’ या निवासी इमारतीत वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी खोल गच्च्या ठेवून घरे उन्हापासून आत घेतली.

आमच्या वर्गाबाहेर शेवटी बांबूची चटई टांगली. फळा दिसू लागला.

– एक निवृत्त शिक्षिका, पुणे