फिनिश लाइन मागून येते तेव्हा...

शाळेतल्या लिंबू-चमच्यापासून आपल्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. शर्यतीत फिनिश लाइन पुढे असते आणि आपण तिच्याकडे धावत सुटायचं. पण मंडळी, एक रेस अशीही आहे जिच्यात फिनिश लाइन तुमच्या मागे लागते. तीसुद्धा गाडीतून!

विंग्ज फॉर लाइफ वर्ल्ड रन असं तिचं नाव. २०१४ पासून दर मे महिन्यात ही रेस जगभर एकाच क्षणी सुरू होते. अर्ध्या तासाने ‘कॅचर कार’ निघते, ताशी १४ किलोमीटरच्या वेगाने, आणि पुढे पुढे वेग वाढवत जाते. तिने तुम्हाला गाठलं की तुमची रेस संपली. ज्या शहरांत खरी गाडी नाही तिथे मोबाइलच्या अ‍ॅपमधली गाडी पाठलाग करते आणि ती किती जवळ आली हे कानात सांगत राहते. हिशोब सोपा आहे. ताशी सहा किलोमीटरने चाललात तर बावन्न-त्रेपन्न मिनिटांनी, सव्वापाच किलोमीटरवर गाडी तुम्हाला पकडणार. म्हणजे ‘माझ्याच्याने पूर्ण होईल का’ हा प्रश्नच बाद, कारण पूर्ण कुणाचीच होत नाही. २०२५ मध्ये पुरुषांत पहिला आलेल्या जपानच्या जो फुकुडालासुद्धा ७१.६७ किलोमीटरवर गाडीने धरलंच.

आता तुम्ही म्हणाल, व्हर्च्युअल रन म्हणजे ते लॉकडाउनमधलं फॅड ना? खरंय. २०२० मध्ये लंडन मॅरेथॉनने हौशी धावपटूंना सांगितलं होतं की ४ ऑक्टोबरच्या चोवीस तासांत आपापल्या गल्लीत ४२ किलोमीटर पूर्ण करा. आपली मुंबई मॅरेथॉनही दोन वर्षं हुकली आणि थेट जानेवारी २०२३ मध्ये परतली. पुढे खऱ्या रेसेस सुरू झाल्या आणि मेडल पोस्टाने मागवायची हौस बऱ्यापैकी ओसरली. ही एक मात्र टिकली, कारण हिची गंमतच अ‍ॅपमध्ये आहे. २०२५ मध्ये तीन लाखांहून जास्त लोक एकाच वेळी धावत होते.

पैसे कुठे जातात? ऑस्ट्रियाचा मोटोक्रॉस विश्वविजेता हाइन्झ किनिगाडनर याच्या मुलाला २००३ मध्ये अपघातात मणक्याची गंभीर इजा झाली. त्यानंतर २००४ मध्ये त्याने रेड बुलचे डिट्रिश माटेशित्झ यांच्यासोबत एक संस्था काढली. मज्जारज्जूच्या दुखापतीवरच्या संशोधनाला ती पैसे देते. ऑफिस, पगार वगैरे खर्च रेड बुल उचलतं, त्यामुळे आपण भरलेली एंट्री फी पूर्णच्या पूर्ण संशोधनाला जाते. हे मला आवडलं. आपल्याकडे बऱ्याच ‘चॅरिटी’ रनमध्ये टी-शर्ट, केळं आणि स्टेजवरच्या पाहुण्यांचा खर्च वजा जाता चॅरिटीच्या वाट्याला काय उरतं, हे विचारणं असभ्य समजतात.

आमची टीम सहा जणांची. सगळे ऐरोलीच्या एकाच ऑफिसमधले. राहणारे मात्र ठाणे, डोंबिवली, वाशी असे विखुरलेले, आणि दोघं विठ्ठलवाडीचे. मी, आणि आमचा टेस्टर. तो व्हीलचेअरवर असतो. आठ वर्षांपूर्वी सकाळच्या गर्दीत लोकलमधून पडला. छातीच्या वरच्या भागात मणक्याला मार बसला. आता घरूनच काम करतो आणि आम्ही लिहिलेल्या कोडमध्ये चुका शोधताना त्याला जो आसुरी आनंद होतो तो बघण्यासारखा असतो! कल्याणच्या पुढे राहणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीत असा एक तरी माणूस निघतो. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ लोकलमधून माणसं पडली, त्यानंतर साध्या लोकललाही बंद होणारे दरवाजे बसवायची घोषणा झाली. तेव्हा त्याचा ग्रुपवर एकच मेसेज आला. ‘माझ्यासाठी जरा उशीर झाला, पण तुम्ही दरवाजात उभं राहायचं आता तरी बंद करा.’

रेसमध्ये रोजच्या वापरातली व्हीलचेअर चालते. प्रश्न होता तो वेळेचा. जगाने ठरवलेला क्षण म्हणजे जपानात रात्रीचे आठ आणि आपल्याकडे दुपारचे साडेचार. ४ मे २०२५, रविवार. विठ्ठलवाडीत मे महिन्यातली दुपार म्हणजे काय, ते तिथे राहणाऱ्यालाच विचारा.

आणि इथे मला एक गोष्ट कळली जी तोवर माझ्या गावीही नव्हती. इतक्या वर इजा असली की इजेच्या खाली घामच येत नाही. शरीर गार करायची यंत्रणाच बंद. आपण घामाघूम होतो म्हणून वाचतो. तो आतल्या आत तापत जातो आणि त्याला वेळेवर कळतही नाही. त्याच्या आईने स्पष्ट सांगितलं, “संध्याकाळी सातनंतर काय फिरायचं ते फिरा.” पण सातला रेस नव्हती ना! शेवटी डॉक्टरांना विचारलं. त्यांच्या अटी होत्या. आधी आणि मधे भरपूर पाणी, झाडांना मारतो तो स्प्रे, मानेवर ओला टॉवेल, आणि गरगरायला लागलं की त्या क्षणी बंद. स्प्रे आणि टॉवेल माझ्याकडे आले. काकूंनी मला बाजूला घेऊन हळूच म्हटलं, “तो थांब म्हणणार नाही. तू म्हणायचंस.”

रस्ता शोधायलाच आम्हाला दोन रविवार लागले होते. पुणे लिंक रोडवर तर रिक्षा आणि टेम्पोंमधून चालणाऱ्यालाही जीव मुठीत धरावा लागतो. शेवटी कॉलनीतला चारेकशे मीटरचा तुकडा ठरवला. जा आणि ये. एका बाजूला सावली, मधे दोन स्पीडब्रेकर. पेव्हर ब्लॉकच्या फटीत पुढची छोटी चाकं अडकतात, म्हणून तेवढ्यापुरतं पुढचा भाग उचलून मागच्या चाकांवर जायचं. सायकलवाल्यांचे ग्लोव्ह्ज घालून तो हे इतक्या सफाईने करत होता की तिसऱ्या फेरीपासून गल्लीतली पोरं टाळ्या वाजवायला लागली.

एक रिक्षावाला तर थांबलाच. “दादा, कुठे जायचंय? सोडतो ना!”

“नको, आमची गाडी येतेय मागून.”

बिचारा वळून रिकाम्या रस्त्याकडे बघत राहिला.

पस्तिसाव्या मिनिटाला त्याचा चेहरा लालबुंद झाला. मी म्हटलं, थांबूया? तो म्हणाला, “गाडी आली की थांबेन.” मी दोन मिनिटं थांबवलंच. अर्धी बाटली पाणी, डोक्यावर टॉवेल. त्याने मनातल्या मनात मला शिव्या दिल्या असणार, पण प्यायला. मग पुन्हा हात चाकांवर. चव्वेचाळिसाव्या मिनिटाला दोघांच्या कानात एकदमच गाडी येऊन ठेपली. ३.३ किलोमीटर! तिकडे ठाण्यात आमची कॅप्टन पावणेसोळा किलोमीटर धावली. डोंबिवलीवाला सव्वापाच चालून वडापावच्या गाडीपाशी पकडला गेला. तो म्हणतो, योगायोग.

रात्री व्हिडिओ कॉलवर कुणीतरी विचारलं, संशोधनातून खरंच काही निघेल का रे? तो म्हणाला, “निघेल की. माझ्या नंबराला येईल का, ते माहीत नाही. मला सध्या तीन पायऱ्या पुरेत.”

त्याच्या बिल्डिंगच्या दाराशी तीन पायऱ्या आहेत. दर वेळी दोन माणसं बोलवायची, मग बाहेर पडायचं. रॅम्पचा विषय तिथल्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये दोन वर्षं ‘पुढील सभेत’ जातोय. त्याच आठवड्यात आम्ही टेप घेऊन गेलो. पायऱ्यांची मिळून उंची दीड फूट. एकास बारा हा उताराचा नियम धरला तर अठरा फूट लांब रॅम्प लागतो. खर्च सहा जणांत वाटला तर वीकेंडच्या एका ट्रिपपेक्षा कमी. सेक्रेटरी काकांनी कागद नीट वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, “पैशाचं नाही हो, पण दोन बाइकची जागा जाईल.”

त्यातली एक त्यांचीच आहे. दुसरीच्या मालकाने तेवढ्यात गाडी काढून समोरच्या भिंतीला लावली.